शीआनमधली जुनी बौद्ध मंदिरं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

चीनमधल्या शीआनला जाणारे बहुतेक जण मातीच्या सैनिकांसाठी (टेराकोटा आर्मी) जातात. सैनिक, शहराची तटबंदी आणि मुस्लिम मोहल्ल्यातला रात्रीचा बाजार दोन दिवसांत उरकायचा, जाता जाता मोठ्या हंस पॅगोड्यासमोर फोटो काढायचा आणि पुढची ट्रेन पकडायची, असा साधारण कार्यक्रम असतो. सैनिक बघायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण भारतातून जाणाऱ्याला या शहरात खरं आपलं असं काही सापडत असेल, तर ते तिथल्या बौद्ध मंदिरांत.

शीआन म्हणजे जुनं छांगआन. भारतातून आणि मध्य आशियातून गेलेल्या पोथ्यांची चिनी भाषांतरं इथे अनेक शतकं चालू होती, आणि ती जिथे झाली त्यातल्या बऱ्याच जागा आजही नांदत्या आहेत. शाळेच्या इतिहासात आपल्याला भेटलेला ह्युएनत्संग याच शहरातून निघाला आणि ६४५ साली याच शहरात परतला. मधल्या काळात तो नालंदेत शिकला आणि दक्षिणेत उतरून महाराष्ट्रातही येऊन गेला. इथल्या माणसांचा मानी स्वभाव, हर्षवर्धनाला न जुमानणारा पुलकेशी, डोंगराच्या कड्यात कोरलेला विहार आणि दारातले दगडी हत्ती हे सगळं त्याने लिहून ठेवलंय. तो विहार म्हणजे अजिंठा, असं अभ्यासक मानतात.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की मंदिरांची यादी करून एकेकावर खूण करत फिरू नका. माणसं धरून फिरा. ह्युएनत्संग, इत्सिंग, अमोघवज्र, कुमारजीव अशी चार नावं डोक्यात ठेवली तरी पुरे. नाहीतर तिसऱ्या मंदिरानंतर सगळी छपरं सारखीच दिसायला लागतात.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवाल्यांना चीनचा व्हिसा आधी काढावा लागतो. काही देशांच्या प्रवाशांना मिळणारी विनाव्हिसा ट्रान्झिटची सवलत आपल्याला लागू नाही, त्यामुळे परदेशी यूट्यूबरचं ऐकून थेट विमानात बसू नका.

शहरात जवळपास सगळे व्यवहार फोनवर चालतात. अलीपे किंवा वीचॅटला आपलं व्हिसा वा मास्टरकार्ड घरूनच जोडून घ्या, आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत याची बँकेकडून खात्री करा. आपलं यूपीआय तिथे कामाचं नाही. थोडे रोख युआन जवळ असू द्यावेत. गूगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या नेटवर चालत नाहीत, पण भारतीय सिमवर रोमिंग घेतलं तर सहसा चालतात. नकाशासाठी मात्र चिनी अॅपच बरं, कारण तिथे गूगलचा नकाशा नीट रस्ता दाखवत नाही.

पासपोर्ट रोज खिशात हवा. संग्रहालयं आणि बऱ्याच स्थळांचं आगाऊ बुकिंग त्याच्या नंबरावर होतं. सगळ्या ठिकाणांची नावं चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा, कारण आपल्या उच्चारावर टॅक्सीवाला हमखास भलतीकडे नेईल. आणि 'ह्युएनत्संग' म्हणून विचारलंत तर कुणालाच कळणार नाही. तिथे 'श्वेनचांग' म्हणायचं.

हवा एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात चांगली असते. फक्त १ मेच्या आसपासचे दिवस आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा. त्या सुट्ट्यांत अख्खा चीन फिरायला निघालेला असतो.

आत गेल्यावर

सर्वांत आधी गोंधळ उडतो तो चपलांचा. चिनी मंदिरात पादत्राणं काढत नाहीत. आपला हात सवयीने बुटाच्या नाडीकडे जातो, पण बाहेर चपलांचा स्टँडच दिसत नाही. तसेच आत जा. फक्त लाकडी उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही, तो ओलांडायचा. मधल्या दारातून न जाता बाजूच्या दाराने जावं. आतल्या मूर्तींचे फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, अंगणात मात्र खुशाल काढा.

उदबत्ती अंगणातल्या मोठ्या धुपाटण्यात लावतात, गाभाऱ्यात नाही. तीन काड्या पुरतात, आणि बऱ्याच मंदिरांत त्या फुकट मिळतात. त्यामुळे बाहेर कुणी मनगटाएवढ्या जाड उदबत्त्यांचा जुडगा गळ्यात मारू लागला, तर सरळ पुढे चालू पडा. नारळ, हार, प्रसाद असला काही प्रकार नसतो. फळं आणि फुलं वाहतात. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवी घालून.

मंदिराची रचना एकदा समजून घेतली की प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडते. सगळं एका सरळ रेषेत, दक्षिणेकडून उत्तरेकडे जातं. पहिल्या दालनात ढेरपोट्या, हसरा मैत्रेय आणि दोन्ही बाजूंना चार दिक्पाल असतात. त्यातला छत्रीवाला वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर. हातात वीणेसारखं वाद्य घेतलेला धृतराष्ट्र, तलवारवाला विरूढक, आणि साप धरलेला विरूपाक्ष. नावं सगळी आपल्या ओळखीची, चेहरे पार बदललेले. त्यानंतर मुख्य दालन, तिथे बुद्ध. त्याच्या पाठीमागे बऱ्याचदा क्वानयिन असते. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात हातात कमळ घेतलेला जो पद्मपाणी आपण बघतो, तोच हा अवलोकितेश्वर. चीनमध्ये जाऊन तो स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला.

महाराष्ट्रातले बौद्ध वाचक जाणार असतील तर एक लक्षात असू द्या. हा महायान पंथ आहे. त्रिशरण-पंचशील पालीत ऐकू येणार नाही. भिक्खू एकमेकांना आणि तुम्हालाही हात जोडून 'आमित्वोफो' म्हणतील, म्हणजे अमिताभ बुद्ध. तुम्हीही तेच म्हणा. बुद्धजयंतीही तिथे वैशाख पौर्णिमेला नसून चिनी पंचांगाच्या चौथ्या महिन्याच्या अष्टमीला असते. दर चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मंदिरांत गर्दी असते, पण ती पर्यटकांची नसते, रोजच्या भक्तांची असते. जमलं तर यातला एक दिवस साधा.

पहिला दिवस: दा त्सएन मंदिर आणि मोठा हंस पॅगोडा

मेट्रोच्या ३ किंवा ४ क्रमांकाच्या लाइनने दायेनथा स्टेशनला उतरा. उत्तरेच्या चौकात संगीताचं कारंजं आहे. बहुतेक लोक तिथेच घोटाळतात. तुम्ही वळसा घालून दक्षिणेकडे जा. तिथे ह्युएनत्संगाचा उंच पुतळा आहे आणि त्याच्यामागे मंदिराचं दार. सकाळी दार उघडताच आत शिरलात तर तासभर शांतपणे मिळतो. दहानंतर मार्गदर्शकांचे छोटे लाउडस्पीकर सुरू होतात आणि मग काही खरं नाही.

हे मंदिर ६४८ साली युवराज ली चिर् याने आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलं. तोच पुढे सम्राट काओझोंग झाला. ह्युएनत्संगाने ६५७ पोथ्या आणल्या होत्या. त्या आणि सोबतच्या मूर्ती आगीपासून सुरक्षित राहाव्यात म्हणून ६५२ मध्ये पॅगोडा उभा राहिला. बांधकाम चालू असताना त्याने स्वतः टोपलीतून विटा वाहिल्याचं त्याच्या शिष्यांच्या चरित्रग्रंथात नोंदवलंय. पहिला पॅगोडा पाच मजली होता. सम्राज्ञी वू झत्येनच्या काळात तो नव्याने उंच बांधला गेला. आज सात मजले आणि साधारण ६४ मीटर उंची आहे. बाहेरचं विटांचं आवरण मिंग काळातलं. थोडा पश्चिमेकडे कललेला दिसेल, तो तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. जमिनीखालचं पाणी उपसल्यामुळे तो आणखी कलला.

वर चढायचं तिकीट वेगळं. वर चढावं का? हातात वेळ असेल तर चढा. लाकडी जिन्याने सातव्या मजल्यावर गेलं की चार खिडक्यांतून चार दिशांना सरळसोट रस्ते दिसतात. पण माझ्या मते खरा माल खाली, दारांपाशी आहे आणि तो बघायला कुणी थांबत नाही.

दक्षिणेच्या दाराच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत दोन काळ्या शिळा आहेत, ६५३ सालच्या. एकीवर सम्राट थायझोंगने ह्युएनत्संगाच्या भाषांतरांसाठी लिहिलेली प्रस्तावना, दुसरीवर काओझोंगचा लेख. अक्षर छू स्वेल्यांग या नामांकित सुलेखनकाराचं, बारीक आणि ताठ. एक शिळा नेहमीप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचायची, तर दुसरी मुद्दाम उलटी, डावीकडून उजवीकडे लिहिली आहे. त्यामुळे दोन्ही मजकूर दाराच्या दोन बाजूंना एकमेकांसमोर आल्यासारखे दिसतात. चिनी येत नसलं तरी ही जोडी नजरेला कळते. मग पश्चिमेच्या दाराकडे जा आणि वरची दगडी पट्टी बघा. तिच्यावर रेघांनी कोरलेला बुद्ध एका लाकडी सभागृहात बसून उपदेश करतोय. थांग काळातल्या लाकडी इमारती फारच थोड्या उरल्या असल्यामुळे त्या कशा दिसत, हे अभ्यासकांना ठरवायला या रेखाचित्राचा मोठा उपयोग झाला. छपराला आधार देणाऱ्या कमानी आणि खांब अगदी नीट दिसतात.

हंस पॅगोडा या नावामागची कथाही ह्युएनत्संगानेच भारतातून नेलेली आहे. मगधातल्या एका विहारात भिक्खूंना तेव्हा मांस चालत असे. एक दिवस खायला काहीच नव्हतं, तेव्हा उडत्या थव्यातला एक हंस त्यांच्यासमोर कोसळून मेला. हा बोधिसत्त्वच, असं समजून त्यांनी मांस सोडलं आणि हंसावर स्तूप बांधला.

मंदिराच्या मागच्या भागात आधुनिक काळात बांधलेलं ह्युएनत्संगाचं स्मारक आहे. भिंतींवर त्याचा प्रवास कोरलाय. भारतातले प्रसंग ओळखता येतात का बघा, मजा येते.

त्याच दिवशी दुपारी: छोटा हंस पॅगोडा

हा २ क्रमांकाच्या लाइनवर, नानशाओमन स्टेशनजवळ. मंदिराचं नाव च्येनफू, स्थापना ६८४ची. इत्सिंग समुद्रमार्गाने भारतात गेला, नालंदेत बरीच वर्षं राहिला, आणि परतल्यावर इथे भाषांतरं करत बसला. पॅगोडा ७०७ ते ७०९च्या दरम्यानचा. मोठ्यासारखे ठळक मजले नाहीत, जवळजवळ लागलेल्या छज्ज्यांच्या ओळी आहेत, वर जाताना हलकेच आत वळणाऱ्या. मला दोघांत हाच देखणा वाटतो.

मूळचे १५ मजले, आता १३. १५५६च्या महाभूकंपात वरचं टोक गेलं. पण त्याआधीची गोष्ट जास्त रंजक आहे. १४८७च्या भूकंपात पॅगोडा वरपासून खालपर्यंत चिरला, आणि १५२१च्या भूकंपात ती चीर एका रात्रीत मिटली. दाराच्या चौकटीवर १६व्या शतकातला एक लेख आहे, त्यात हे सगळं नोंदवलंय. गावकऱ्यांनी देवाची करणी म्हटलं यात नवल नाही. पुढे दुरुस्तीच्या वेळी पायाखाली ठोकून घट्ट केलेल्या मातीचा मोठा घुमटाकार थर सापडला, त्यामुळे धक्क्याचा जोर सगळीकडे वाटला जातो.

याच बागेत शीआन संग्रहालय आहे. मंगळवारी बंद असतं. बागेतली ११९२ सालची लोखंडी घंटा चुकवू नका.

दुसरा दिवस: एका परंपरेचा माग

सकाळी श्याओचाय स्टेशनला उतरून दा शिंगशान मंदिरात जा. आजूबाजूला मॉल आणि मोबाइलची दुकानं, आणि मध्येच हे अंगण. ८व्या शतकात शुभाकरसिंह, वज्रबोधी आणि अमोघवज्र हे तीन आचार्य छांगआनमध्ये आले आणि त्यांनी वज्रयान चीनमध्ये रुजवलं. शुभाकरसिंह नालंदेतून ७१६ साली पोचला. अमोघवज्राचा मुक्काम याच मंदिरात होता.

अमोघवज्राचा शिष्य हुईक्वो. तो छिंगलोंग मंदिरात शिकवायचा. त्याच्याकडे जपानहून कूकाई नावाचा तरुण भिक्खू आला, ८०५ साली दीक्षा घेऊन परतला आणि जपानात शिंगोन हा वज्रयानी पंथ सुरू केला. छांगआनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्खूकडे तो संस्कृतही शिकला होता. त्या पंथाचे जपानी भिक्खू आजही बीजाक्षरं सिद्धम या जुन्या भारतीय लिपीत लिहितात, आणि आपल्याकडे ती लिपी कधीच विसरली गेली.

म्हणून दा शिंगशाननंतर थेट छिंगलोंगला जायचं. ३ क्रमांकाच्या लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. जुनं मंदिर उरलेलं नाही, उत्खननातले अवशेष आणि नव्या इमारती आहेत, त्यामुळे 'प्राचीन वास्तू' बघायच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. मार्चच्या शेवटी जपानहून आणलेली चेरीची झाडं फुलतात, तेव्हा शहर लोटतं. शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांची यात्रा करणारे जपानी भाविक याला शून्यावं मंदिर मानतात.

तटबंदीच्या आतली दोन मंदिरं उरलेल्या वेळात होतात. शिलालेखांच्या संग्रहालयाजवळचं वोलोंग झेन (ध्यान) परंपरेचं, लहान आणि राबतं. पर्यटक कमी, आज्या जास्त. वायव्य कोपऱ्यातलं क्वांगरन १७०५ साली सम्राट खांगशीच्या काळात बांधलेलं, तिबेटी परंपरेचं. युशियांगमन स्टेशनवरून चालत जाता येतं. संध्याकाळी जा, दिव्यांच्या रांगा लागलेल्या असतात.

तिसरा दिवस: शहराबाहेर

वेळ एकच दिवस वाढवता येणार असेल, तर तो इथे वाढवा. शिंगच्याओ मंदिर शहराच्या दक्षिणेला, २० किलोमीटरच्या आसपास आहे. २ क्रमांकाच्या लाइनने वेईछूनानला जा आणि तिथून टॅक्सी करा. परतीची टॅक्सी तिथे चटकन मिळत नाही, म्हणून त्याच गाडीवाल्याला थांबायला सांगितलेलं बरं.

ह्युएनत्संग ६६४ साली गेला. आधी त्याला दुसरीकडे पुरलं होतं, ६६९ मध्ये अवशेष इथे आणले. मधला पाच मजली, साधारण २१ मीटरचा विटांचा पॅगोडा त्याचा. दोन बाजूंना दोन लहान पॅगोडे त्याच्या शिष्यांचे, एक क्वेजी आणि दुसरा युआनत्स. युआनत्स कोरियातल्या सिल्ला राज्याचा. गुरूच्या पॅगोड्यापुढे उभं राहिलं की शेतं आणि पलीकडे चोंगनान डोंगराची रांग दिसते. लाउडस्पीकर नाही, आठवणवस्तूंची दुकानं नाहीत. जी जागा ओस पडलेली असेल असं वाटतं तीच सगळ्यात जिवंत निघते. भिक्खू झाडलोट करत असतात आणि बाहेरून आलेल्याकडे फारसं लक्षही देत नाहीत.

२०१३मध्ये जागतिक वारशाच्या अर्जासाठी मंदिराच्या बऱ्याच इमारती पाडायचं घाटत होतं. चीनभर त्यावर ओरड झाली आणि बेत बारगळला. २०१४मध्ये रेशीममार्गाच्या वारसायादीत हे पॅगोडे आणि दोन्ही हंस पॅगोडे आले.

याच भागात श्यांगजी मंदिर आहे, अमिताभाचं नाव जपणाऱ्या सुखावती पंथाच्या शानदाओ आचार्यांचं. गाडी हातात असेल तर अर्धा तास द्या.

नैर्ऋत्येला डोंगरपायथ्याशी त्साओथांग मंदिर आहे, ते कुमारजीवाचं. वडील भारतीय, आई मध्य आशियातल्या कुच्या राज्याची राजकन्या. ४०१ साली तो छांगआनला आला आणि राजा याओ शिंगच्या आश्रयाने भाषांतराचं मोठं काम उभं केलं. चिनी भाषेतली सद्धर्मपुंडरीक आणि वज्रच्छेदिका ही सूत्रं आजही मुख्यतः त्याच्याच शब्दांत म्हटली जातात. त्याच्या अस्थींवरचा रंगीत दगडांचा स्तूप जेमतेम माणसाच्या उंचीपेक्षा थोडा जास्त, पण कोरीव काम नाजूक आहे. शिंगच्याओ आणि त्साओथांग एका दिवसात करायचे तर दिवसभराची गाडी ठरवा, बसच्या नादी लागू नका.

फामन मंदिराबद्दल सगळे विचारतात. ते शीआनमध्ये नाही, शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आहे. १९८१मध्ये पॅगोडा अर्धा कोसळला, १९८७मध्ये तळघर उघडलं आणि ८७४ साली बंद केलेला ऐवज बाहेर आला, त्यात बुद्धाच्या बोटाचा अवशेष म्हणून जपलेली अस्थीही होती. तिथलं संग्रहालय अप्रतिम आहे. बाहेर बांधलेलं १४८ मीटर उंचीचं नवं स्मारक आणि त्याच्यापर्यंतचा रुंद, रणरणता रस्ता मला अजिबात आवडला नाही. पूर्ण दिवस जातो. चार दिवस असतील तरच जा.

जेवणाचं काय?

शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. काही मंदिरांत, दा शिंगशानसारख्या, साधं शाकाहारी जेवण मिळतं. त्यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते. दुपारी बारापूर्वी जा, उशीर झाला की भांडी रिकामी. ताटात घ्याल ते संपवावं लागतं, आणि संपवून भांडी स्वतः नेऊन ठेवायची.

बाहेर खाताना 'वो छ्र सू' म्हणजे 'मी शाकाहारी' एवढं पाठ करा, आणि तरीही मांसाचा रस्सा नको, चरबी नको, हे फोनवर भाषांतर करून दाखवा. कारण वरून मांसाचे तुकडे काढले की पदार्थ शाकाहारी झाला, असं काही हॉटेलवाल्यांना मनापासून वाटतं. थंड लियांगपी नूडल्स आणि वरून कडकडीत तेल ओतलेले रुंद नूडल्स बहुतेक वेळा मांसाशिवाय मिळतात. मिरचीचं तेल आपल्याला झेपतं, व्हिनेगर मात्र आधी चाखून मग वाढवा. मुस्लिम मोहल्ल्यात गोमांस आणि बकऱ्याचं मांस सर्रास असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी तिथे सुकामेवा, पर्सिमन फळाचे तळलेले गोड पेढे आणि डाळिंबाचा रस एवढ्यावर भागवावं.